घाशीराम, रोकडे आणि आमची बिल्डिंग

(द्वितीय वर्ष कला)

गेल्या वर्षी साहित्याच्या तासाला सरांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला, 'डिस्टोपिया', आणि वर्गाला विचारले, "याला मराठीत काय म्हणाल?" वर्ग नेहमीप्रमाणे गप्प. मग मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणाले, "परीक्षा!" वर्ग हसला, सरही हसले. अंधेरीहून येणाऱ्या आमच्या एका मित्राने सुचवले, "सर, अंधेरनगरी!" त्यावरही हशा झाला. पण हा शब्द सरांनी गंभीरपणे घेतला. ते म्हणाले, "अंधेरनगरीत गोंधळ असतो. ज्याच्या हाती ससा तो पारधी. मी ज्या नगरीबद्दल बोलतो आहे तिथे गोंधळ अजिबात नसतो. सगळे शिस्तीत, वेळेवर, एकसारखे चाललेले असते, आणि भीती त्याचीच असते." शेवटी 'दुःस्वप्ननगरी' या शब्दावर तडजोड झाली आणि तास संपला.

तास संपला तरी तो शब्द माझ्या डोक्यातून गेला नाही. वर्षभरात मी त्याचा जो शोध घेतला, आणि तो शोध शेवटी कुठे येऊन थांबला, ते या अंकाच्या निमित्ताने सांगावे असे वाटते. माझे म्हणणे सर्वांना पटेलच असे नाही.

मी आमच्या घरातली कॉलेजची पायरी चढलेली पहिली. आजी अंगठाबहाद्दर, आई चौथीपर्यंत शिकलेली, बाबांनी आठवीनंतर शाळा सोडली आणि पुढे रिक्षाचे हँडल धरले. तेव्हा असली पुस्तके घरात असण्याचा प्रश्नच नव्हता. ग्रंथालयातून एकेक आणत गेले. मराठी अनुवाद मिळाला तिथे तो वाचला, नाही तिथे मांडीवर शब्दकोश घेऊन इंग्रजी.

येवगेनी झाम्यातिन या रशियन लेखकाची 'आम्ही' ही कादंबरी या जातीच्या आधुनिक पुस्तकांत फार आधीची. तिच्यात माणसांना नावे नाहीत, आकडे आहेत. घरांच्या भिंती काचेच्या आहेत आणि पडदा ओढायलाही परवानगी लागते. ही कादंबरी १९२४ मध्ये इंग्रजीत आधी आली. लेखकाच्या स्वतःच्या देशात ती छापली जायला १९८८ साल उजाडावे लागले. ऑल्डस हक्स्ली यांच्या १९३२ च्या कादंबरीतले राज्य चाबकावर चालत नाही. तिथे मनाला जरा त्रास झाला की 'सोमा' नावाची गोळी घ्यायची आणि पुन्हा हसतमुखाने कामाला लागायचे. आणि जॉर्ज ऑर्वेलचे '१९८४', जे १९४९ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झाले, त्यात तर भिंतीवरचा पडदाच माणसाकडे पाहत असतो आणि 'थोरला भाऊ' सगळ्यांवर नजर ठेवून असतो.

ऑर्वेल वाचणारे सगळे त्या थोरल्या भावाबद्दल बोलतात. माझ्या लक्षात राहिला तो नायकाचा शेजारी पार्सन्स. साधा, घामट, पक्षाच्या प्रत्येक कामात पुढे पुढे करणारा गृहस्थ. त्याची लहान मुलगी दाराच्या फटीला कान लावते, बाप झोपेत काही बरळतो ते ऐकते आणि पोलिसांना जाऊन सांगते. कोठडीत बसलेला पार्सन्स म्हणतो की मला मुलीचा राग नाही, उलट अभिमान वाटतो. हे वाचले तेव्हा मला पार्सन्सचे हसू आले होते. पुढे ते हसू टिकले नाही.

ऑर्वेलचा जन्म आपल्याच देशातला, बिहारमधल्या मोतिहारीचा, तारीख २५ जून १९०३. आणि आपल्या देशात आणीबाणी लागू झाली तीही २५ जूनच्याच रात्री, १९७५ मध्ये. हा नुसता योगायोग आहे, हे मला कळते. पण जिथे असा लेखक जन्मला आणि जिथे अशी रात्र येऊन गेली, त्या देशात, आपल्या मराठीत, दुःस्वप्ननगरीची एखादी ठसठशीत गोष्ट का नसावी, असा प्रश्न मी सरांना विचारला. सर म्हणाले, "तू ती भविष्यकाळात शोधते आहेस. जरा मागे वळून बघ."

मागे वळून पाहिले तर विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' उभे होते.

या नाटकाचा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात झाला. दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकरांचे, नाना फडणवीसांच्या भूमिकेत मोहन आगाशे. नाटकावर वादळ उठले, थोड्याच प्रयोगांनंतर संस्थेने ते थांबवले. मग त्या मंडळींनी बाहेर पडून १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी काढली आणि नाटक पुन्हा उभे केले. १९८० मध्ये ते युरोपात निघाले तेव्हाही विरोध झाला. खरा घाशीराम पेशवाईत पुण्याचा कोतवाल होता आणि १७९१ मध्ये लोकांच्या हातून मारला गेला. पण तेंडुलकरांना इतिहास सांगायचा नव्हता, हे त्यांनी स्वतःच स्पष्ट केले होते.

ते पुणे ही माझ्या मते मराठीतली दुःस्वप्ननगरी आहे. कोतवालाचा अंमल सुरू होतो आणि साध्या साध्या गोष्टींना परवाना लागू लागतो. परवान्याशिवाय रात्री रस्त्यावर सापडला तो गुन्हेगार. रात्री घरांवर थाप पडते, झडती होते. ज्याच्यावर चोरीचा आळ आला त्याच्या हातावर तापलेला लोखंडी गोळा ठेवून सत्य शोधले जाते. शहर शांत होते, शिस्तीत येते. सरांनी सांगितलेली नगरी तीच.

पण या नाटकात ऑर्वेलपेक्षा वेगळ्या दोन गोष्टी आहेत, आणि माझा सारा लेख त्या दोन गोष्टींसाठी आहे.

पहिली ही की घाशीराम जन्मजात दुष्ट नाही. कनोजहून पोट भरायला आलेला तो एक उपरा आहे. पुणे त्याच्यावर चोरीचा आळ घेते, मारते, अपमान करून हाकलते. त्या अपमानाचा सूड म्हणून तो स्वतःची मुलगी नानाच्या हवाली करून कोतवाली मिळवतो. ज्याची झडती घेतली गेली तोच उद्या झडती घेणारा होतो. आणि नाना हे ओळखूनच त्याला नेमतो: पाप नानाचे, बदनामी कोतवालाची.

दुसरी गोष्ट म्हणजे ती माणसांची भिंत. रंगमंचावर रांगेने उभे असलेले पुण्याचे ब्राह्मण. ते आपल्याकडे तोंड करून असतात तेव्हा कीर्तन असते, भजन असते. पाठ फिरवून उभे राहिले की त्यांची भिंत होते आणि मागे काय चालले आहे ते दिसत नाही. या भिंतीत कोणी एकटा असा अत्याचार करत नाही. प्रत्येक जण फक्त आपल्या जागी उभा असतो.

आता मला आमच्या बिल्डिंगबद्दल सांगितले पाहिजे.

आम्ही घाटकोपर पश्चिमेला डोंगराच्या अंगाला झोपडपट्टीत राहत होतो. तिथे एस. आर. ए. ची योजना आली. त्या वेळी अशा योजनेला सत्तर टक्के झोपडीधारकांची संमती लागत असे. खोली आजीच्या नावावर होती, म्हणून संमतीपत्रावर तिने अंगठा दिला. कागदावर काय लिहिले होते ते तिला वाचता येत नव्हते आणि कोणी वाचूनही दाखवले नाही. पुढे काही वर्षे भाड्याच्या खोलीत काढून आम्ही २६९ चौरस फुटांच्या घरात आलो. नळ घरात, संडास घरात, लिफ्ट. खोटे कशाला बोलू, पहिल्या रात्री आई संडासाचा दिवा उगाच दोनदा लावून पाहत होती.

आमच्यावर नेहमीच कोणाची तरी नजर होती. झोपडीच्या दारावर सर्वेक्षणाचा नंबर रंगवलेला असायचा. पोलिसांची गाडी आली की चौकशी आमच्याच गल्लीत. आई मुलुंडच्या एका टॉवरमध्ये धुणीभांडी करते. तिथे गेटवर तिचा रोज फोटो निघतो, मोबाइलवर नोंद होते, घरमालकीण तिला तारे देते, पाचपैकी किती ते आईला माहीत नाही. जाताना पिशवी उघडून दाखवायची आणि लिफ्ट वापरायची ती सामानाची. भांडी घासून घासून तिच्या अंगठ्याच्या रेषा इतक्या झिजल्या आहेत की रेशनच्या दुकानातल्या यंत्रावर तो अंगठा कधी उमटतो, कधी नाही.

अशा आम्हां लोकांच्या हाती पहिल्यांदा एक गेट आले, एक वॉचमन आला आणि आठ कॅमेरे आले. कॅमेरे लागले त्या दिवशी पेढे वाटले गेले. आता आपणही 'सोसायटीवाले' झालो, असे सगळ्यांना वाटले. मलाही वाटले. व्हॉट्सॲपवर बिल्डिंगचा ग्रुप झाला. आधी पाण्याच्या वेळा आणि गणपतीची वर्गणी. मग कॅमेऱ्यातले फोटो येऊ लागले. जिन्यात थुंकणाऱ्याचा फोटो, कचरा खाली टाकणाऱ्याचा फोटो. जिना स्वच्छ झाला. एका मुलाची चोरीला गेलेली सायकलही कॅमेऱ्यामुळेच परत मिळाली. हे मी लपवत नाही, कारण दुःस्वप्ननगरीची सुरुवात नेहमी अशा एखाद्या खऱ्या सोयीपासूनच होत असावी.

चौथ्या मजल्यावर एक ताई राहत होती. आमच्या बिल्डिंगमधली ती पहिली पदवीधर. मी बारावी झाले तेव्हा कॉलेजचा ऑनलाइन अर्ज तिने आपल्या मोबाइलवरून भरून दिला होता. कुठले विषय घ्यायचे, फी-माफीसाठी कोणता दाखला लागतो, तो कुठल्या खिडकीवर मिळतो, हे मला तिनेच सांगितले. ती अंधेरीला एम. आय. डी. सी. तल्या कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करायची. कंपनीची गाडी तिला पहाटे गेटवर सोडायची.

या पावसाळ्यात एके सकाळी ग्रुपवर तिचा फोटो आला. गाडीतून उतरताना, मागे ड्रायव्हर दिसतो आहे, कोपऱ्यात वेळ: पहाटे ३ वाजून १२ मिनिटे. खाली कमिटीतल्या एकाने लिहिले होते: 'सभ्य बिल्डिंगमध्ये हे चालेल का? सर्वांनी मत द्यावे.' आणि खाली अंगठे येऊ लागले. व्हॉट्सॲपवरचा तो पिवळा अंगठा. शिवी नाही, आरोप नाही, शब्दही नाही.

मी सकाळी चहा पिता पिता तो फोटो पाहिला. ती कामावरून येते हे मला माहीत होते. तिची पाळी कधी सुटते हेही माहीत होते. बाबा म्हणाले, "सगळ्यांनी दिलाय. आपण नाही दिला तर उद्या बोट आपल्याकडे. तुलाही कधी उशीर होतो." त्यांचे म्हणणे खरे होते. माझे ग्रंथालय, माझे नाटकमंडळ, माझे सातनंतर घरी येणे, हे सारे 'मुलगी सरळ आहे' या एका वाक्यावर उभे होते. मी अंगठा दिला.

आजीने विचारले, "काय बघताय सगळे?" मी सांगितले. आजी आमच्या कोकणातल्या गावची. तिने लहानपणी गावकी पाहिलेली. एका घराशी बोलायचे नाही, त्यांना विस्तव द्यायचा नाही, त्यांच्या लग्नाला जायचे नाही, प्रेताला खांदा द्यायचा नाही, असा ठराव झालेला तिला आठवतो. ती एवढेच म्हणाली, "म्हणजे वाळीत टाकलंत की गं पोरीला."

जो शब्द मी तीन पुस्तके वाचून शोधत होते, तो न वाचता येणाऱ्या माझ्या आजीकडे आधीपासून होता. या वाळीत टाकण्याविरुद्ध आपल्या राज्याने २०१६ मध्ये खास कायदा केला आणि जुलै २०१७ पासून तो लागू झाला. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य म्हणून आपण त्याचा अभिमान बाळगतो. त्याच वर्षी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. पण कायदा गेटपर्यंत येतो. ग्रुपवर अंगठा देताना कोणाला कलम आठवते?

पुढे भांडण झाले नाही. कोणी काही बोललेही नाही. हळदीकुंकवाचे बोलावणे ताईच्या आईला गेले नाही. लिफ्टमध्ये ती शिरली की आतल्या बायकांचे बोलणे थांबे. दिवाळीपूर्वी ताई दोन मैत्रिणींबरोबर कळव्याला भाड्याच्या खोलीत राहायला गेली. बिल्डिंगमध्ये सर्वत्र शांतता.

दिवाळीनंतर आम्ही 'शांतता! कोर्ट चालू आहे' वाचायला घेतले. तेंडुलकरांचे हे नाटक १९६७ चे. असे सांगतात की पार्ल्याला अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला निघालेली हौशी मंडळी त्यांना लोकलमध्ये भेटली आणि त्यातून त्यांना हे सुचले. म्हणजे या दुःस्वप्नाची पहिली ठिणगी आपल्याच उपनगरी गाडीत पडली म्हणायची. नाटकात काही हौशी नट एका गावातल्या हॉलमध्ये जमतात, वेळ घालवायला लुटुपुटूचा खटला भरतात आणि आरोपी म्हणून लीला बेणारे या शिक्षिकेला उभी करतात. खेळता खेळता खटला खरा होतो. तिचे खाजगी आयुष्य चव्हाट्यावर येते. ती दाराकडे जाते तर दार बाहेरून अडकलेले.

वर्गात सगळ्या मुली बेणारेबद्दल बोलल्या. मी बोलू शकले नाही, कारण मला त्या हॉलमध्ये मी दिसत होते, आणि मी बेणारे नव्हते. मी बाळू रोकडे होते. काशीकर पतिपत्नींनी आश्रय दिलेला, शिकवलेला, त्यांच्या उपकाराखाली वाकलेला तो भित्रा मुलगा. त्याला बेणारेशी काही वैर नाही. त्याला फक्त आपल्या जागेची काळजी आहे. पहिली साक्ष तो चाचरत देतो. मग सगळे आपल्याकडे पाहताहेत, ऐकताहेत, असे दिसते आणि त्याला जोर चढतो. आयुष्यात पहिल्यांदा तो कोणापेक्षा तरी वरचा ठरलेला असतो.

समीक्षक रोकडेबद्दल फार लिहीत नाहीत. आमच्यासारख्यांनी लिहिले पाहिजे. पहिल्या पिढीचा विद्यार्थी बहुधा रोकडे असतो. कोणाच्या तरी उपकारावर, कोणाच्या तरी सहीवर, कोणाच्या तरी 'चांगली मुलगी आहे' या शब्दावर त्याचे शिक्षण चाललेले असते. त्याला नाही म्हणणे परवडत नाही, हे त्याला लहानपणापासून शिकवलेले असते. म्हणूनच कोतवालाला सर्वांत आधी आणि सर्वांत स्वस्तात मिळतो तो आमचा अंगठा.

माझ्या मित्रमैत्रिणींपैकी काही जण म्हणतील की ही सामाजिक नाटके आहेत, यांना दुःस्वप्नकथा म्हणणे म्हणजे ओढूनताणून आणलेला अर्थ. असेल. पण झाम्यातिन, ऑर्वेल यांच्यासमोर सर्वशक्तिमान सरकार होते, म्हणून त्यांना भविष्यातले राज्य रचावे लागले. आपल्याकडे ते काम शतकानुशतके गाव, जात आणि शेजार यांनी बिनपगारी केले आहे. मराठी लेखकाला नवी नगरी रचण्याची गरजच नव्हती. एक हॉल पुरला. रांगेत उभे राहिलेले काही लोक पुरले. अलीकडे प्रयाग अकबर यांनी 'लैला' (२०१७) ही इंग्रजी कादंबरी लिहिली, तिच्यात भविष्यातले शहर आहे आणि जातीजमातींनी आपापल्या वस्त्यांभोवती उंच भिंती बांधल्या आहेत. आपल्या उपनगरांत घर शोधत फिरलेल्या कोणालाही विचारा, आडनाव आणि स्वयंपाकघर यांची चौकशी झाल्यावर अशी भिंत दिसते की नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. तो असा की शेजाऱ्यापाजाऱ्यांचे काय घेऊन बसलात, खरा धोका सत्तेचा असतो. आणीबाणीत माणसे तुरुंगात गेली, वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला. हे मान्य. परंतु त्या काळातलीच एक गोष्ट मला वेगळे सांगते. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडला मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत, स्वागताध्यक्ष केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण. बाहेर आणीबाणी. अशा वेळी दुर्गाबाई व्यासपीठावरून लेखनस्वातंत्र्याबद्दल बोलल्या आणि आजारी असलेल्या जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन त्यांनी केले. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. त्यांच्या हाती सैन्य नव्हते, पक्ष नव्हता. सगळे ज्या दिशेला तोंड करून उभे होते त्या दिशेला त्या उभ्या राहिल्या नाहीत, एवढेच त्यांनी केले. सत्तेलाही शेवटी भिंत लागतेच. भिंतीतला एक माणूस वळला की मागचे दिसू लागते.

आपल्या कॉलेजबद्दलही दोन शब्द लिहिते. गुरुजनांनी राग मानू नये. 'घाशीराम'वर दहा गुणांचा प्रश्न येतो. आम्ही सगळे एकाच गाइडमधले एकच उत्तर लिहितो, 'सत्तेच्या अमानुषतेचे प्रभावी चित्रण', आणि सगळ्यांना सात गुण मिळतात. जो स्वतःचे काही लिहितो त्याला पाच. एकसारखेपणाविरुद्धचे नाटक आम्ही एकसारखे होऊन पास होतो. वर्गात प्रश्न विचारणाऱ्याकडे वळून पाहून जे हसणे होते, तेही अंगठ्याचेच काम करते. ते हसणे मीही हसले आहे.

या वर्षी स्नेहसंमेलनात आपल्या नाट्यमंडळाने 'घाशीराम'मधला एक प्रवेश केला. मुले कमी पडली म्हणून आम्ही काही मुलीही धोतर नेसून भिंतीत उभ्या राहिलो. डावीकडून तिसरी मी. तालमीत सरांनी सांगितले होते, "पाठ फिरवल्यावर मागे काय चालले आहे ते तुम्हांला ऐकू येत असते, हे विसरू नका." ते वाक्य मला फार जड गेले.

तालमी चालू असतानाच एका संध्याकाळी घाटकोपर स्टेशनच्या पुलावर ताई भेटली. मी तोंड चुकवणार होते, पण गर्दीने समोरासमोरच आणले. ती हसली. "कशी आहेस? परीक्षा कधी?" मी सांगितले. मग मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "एकतीस होते. मी मोजले होते. तुझा तेविसावा." आवाजात राग नव्हता. मी म्हटले, "ताई, चुकले." ती म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग? मला कुठे माहीत नव्हतं?" आणि तिची गाडी आली.

त्या रात्री मी ग्रुपवर एक वाक्य लिहिले: 'चौथ्या मजल्यावरची ताई कामावरून येत होती हे मला माहीत होते, तरी मी अंगठा दिला, ती माझी चूक होती.' कोणी उत्तर दिले नाही. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ग्रुपवर माझा फोटो आला. तालमीहून परतताना, हातात धोतराची पिशवी, वेळ रात्री ९ वाजून ४० मिनिटे. खाली तोच प्रश्न, तेच 'सर्वांनी मत द्यावे'.

बावीस अंगठे आले. मी मोजले.

एकतिसाचे बावीस झाले हा विजय आहे असे मी म्हणणार नाही. माझे नाटक बंद होता होता राहिले. आता मला न्यायला रात्री बाबा स्टेशनवर रिक्षा घेऊन उभे असतात आणि वाटेत एक शब्द बोलत नाहीत. 'घाशीराम'च्या शेवटी कोतवाल मारला जातो, नाना तसाच राहतो, उत्सव जाहीर होतो आणि भिंत पुन्हा नाचू लागते. तेंडुलकरांनी आपल्याला खोटा दिलासा दिला नाही, मीही देत नाही.

पण त्या रात्री मी यादी खालपर्यंत नीट पाहिली. बाबांचा अंगठा त्यात नव्हता. आणि आईचाही नव्हता. गेल्या वेळी तिने दिला होता की नाही हे मी पाहिलेच नव्हते, म्हणून मी तिला विचारले. ती भांडी विसळत होती. मागे न वळता म्हणाली, "तेव्हा दिला होता. दिवसभर ते माझी पिशवी बघतात, संध्याकाळी मी दुसऱ्याच्या पोरीची बघू? नाही दिला या वेळी."

दुःस्वप्नकथांचा इशारा मला तरी एवढाच कळला आहे. कोतवालाला ओळखणे सोपे आहे, त्याच्या डोक्यावर पगडी असते. पुढच्या वेळी आपल्या हातातल्या मोबाइलवर कोणाचा तरी फोटो येईल आणि खाली मत मागितले जाईल, तेव्हा वाचकहो, आपला अंगठा उचलण्यापूर्वी तेवढा वेळ थांबा, जेवढा वेळ माझ्या आजीला तो कागद कोणी वाचून दाखवायला लागला असता.